खंडेनवमीला गप्प झालेला डबा

मला वाट बघता येत नाही. दूध तापायला ठेवलं की मी दर मिनिटाला वाकून बघते. लिफ्टचं बटण आधीच कुणी दाबलेलं असलं तरी मी परत दाबते. आई म्हणते, "नऊ महिने हिला पोटात कसं थांबवलं ते माझं मला माहीत." अशा बाईने जवळजवळ एक अख्खं वर्ष एका प्रोग्रामला वाट बघायला शिकवण्यात घालवलं, ही गोष्ट माझ्या ऑफिसातल्या लोकांना अजून खरी वाटत नाही.

प्रोग्राम आईसाठी होता. आई श्रीखंड करते. करायची, असं आता म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही. बाबा गेल्यावर घरात गप्प बसवेना म्हणून तिने चार ओळखीच्या घरांना दसऱ्याला श्रीखंड करून दिलं. इंदूरच्या माणसाला गोड चांगलं लागलं की तो गावभर सांगतो. काही वर्षांत पोलोग्राउंडच्या औद्योगिक वस्तीत एका कारखान्याच्या मागची लहानशी शेड तिने भाड्याने घेतली, एक कोल्ड रूम बसवून घेतली, आणि मदतीला एक बाई ठेवली. शेजारी लेथ मशीनवाले भिया (इंदुरात भय्याला भियाच म्हणतात), समोर पत्रे कापणारे, मागे रंगाचा वास, आणि मधे माझी आई पांढऱ्या फडक्यात चक्का टांगून बसलेली. दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसायची.

मागच्या वर्षीच्या दसऱ्याला कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर मधेच बंद पडला आणि कुणाला कळलंच नाही. सकाळी दार उघडलं तेव्हा सगळा चक्का आंबला होता. आई सणाच्या दिवशी दुपारपर्यंत लोकांना फोन करून माफी मागत होती. मी शेजारी बसून ते ऐकत होते. माझी आई माफी मागणारी बाई नाही. तिचा आवाज असा झालेला मी बाबा गेले तेव्हाही ऐकला नव्हता.

दादा पुण्याला असतो. संध्याकाळी तो फोनवर म्हणाला, "आता बास झालं. पुढच्या दसऱ्याला परत असं काही झालं तर शेड सोडायची आणि इकडे यायचं. वय बघ तुझं." आई म्हणाली, "बघू." मी मात्र तेव्हाच ठरवलं, की परत असं होणार नाही. आई पुण्याला गेली तर या घरात मी एकटी उरणार होते. आजोबा मिलमध्ये कारकून म्हणून या गावात आले तेव्हापासून आम्ही इथले. माझी नोकरी इथली. पुण्यात मी तोंड उघडलं की दादाच्या सोसायटीतल्या बायका गालात हसतात, कारण माझ्या मराठीत दर चार शब्दांनी हिंदी डोकावतं. मला पुण्याला जायचं नव्हतं आणि आईलाही जाऊ द्यायचं नव्हतं. इतकं साधं होतं ते.

म्हणून मी डबा केला. डबा हे नाव आईचं. कोल्ड रूमच्या आत एक सेन्सर, बाहेर भिंतीवर मुठीएवढी एक पेटी, पेटीत मोबाइलचं सिम. ही पेटी दर थोड्या वेळाने आतलं तापमान माझ्या सर्व्हरला पाठवणार, आणि तिथे माझा प्रोग्राम ते घ्यायला बसलेला असणार. तापमान चढलं की आईच्या आणि माझ्या फोनवर मेसेज. पेटी आणि सर्व्हर यांच्यामध्ये उघडी ठेवलेली जी वाट असते, तिला सॉकेट म्हणतात. ऐकायला हे भारी वाटतं. प्रत्यक्षात दाराशी बसून कुणी काही सांगतंय का, याकडे कान लावण्यासारखं ते काम आहे.

मी ते पीएचपीत लिहिलं, कारण मला तीच भाषा हातच्या मळासारखी येते. ऑफिसात सगळे हसले. ही भाषा वेबसाइटसाठी केलेली. कुणी पान मागितलं की जागं व्हायचं, पान करून द्यायचं आणि संपून जायचं. तिला कुणाच्या दाराशी बसून राहायची सवय नाही. "मॅडम, दुसरी कोई लँग्वेज ले लो," शेजारच्या टेबलवरचा मुलगा म्हणाला. मी म्हटलं, "तुम अपना काम देखो." सांगितलेलं न ऐकणं आमच्या घराण्यातच आहे.

पहिली शिकवण मला श्रावणात मिळाली. आई खजराण्याच्या गणपतीला गेली होती. सणाची गर्दी, रांग बाहेर हार-प्रसादाच्या दुकानांपर्यंत. गाभारा समोर दिसायला लागला आणि तिच्या फोनवर माझ्या प्रोग्रामचा मेसेज गेला: कोल्ड रूमचं तापमान चौऱ्याण्णव.

आई रांग सोडून निघाली. दुखऱ्या गुडघ्यांनी रिक्षा शोधली, पोलोग्राउंड गाठलं, कोल्ड रूमचं दार उघडलं. आत थंडगार. मग तिने मला फोन केला.

"उकळतंय गं माझं श्रीखंड. पुऱ्या घेऊन ये."

"आई, सॉरी. काहीतरी गडबड झाली."

"गणपतीला हात जोडूनच आले मी. म्हटलं, मुलगी खूप हुशार आहे, इतना पोटात घाल."

गडबड अशी होती. पलीकडून पाठवलेली गोष्ट इकडे जशीच्या तशी, एका घासात येईल असं मी धरून चालले होते. सॉकेटवर तसं होत नाही. पाठवणारा "तीन पूर्णांक नऊ" पाठवतो, पण नेटवर्कच्या मनात आलं तर आधी "तीन पूर्णांक" एवढंच येतं आणि राहिलेला नऊ मागून, पुढच्या आकड्याचं बोट धरून येतो. कुठला आकडा कुठे संपला हे कळावं म्हणून पेटी प्रत्येक आकड्यानंतर नवी ओळ सुरू करायची. मी ती ओळीची खूण कचरा समजून झाडून टाकत होते. त्यामुळे मागे राहिलेला नऊ आणि पुढचा चार पूर्णांक एक एकमेकांना चिकटले, आणि झाले चौऱ्याण्णव.

उपाय सोपा होता. जे आलं ते लगेच वापरायचं नाही. बाजूला जमा करत राहायचं, ओळीची खूण दिसेपर्यंत थांबायचं, आणि बोलणं पुरं झालं की मगच ते वाचायचं. सोपा, पण माझ्या स्वभावाच्या अगदी उलट. मला वाक्य पुरं व्हायच्या आधी उत्तर द्यायची सवय आहे. मीटिंगमध्ये, घरी, सगळीकडे. तरी प्रोग्रामला मी ते शिकवलं. त्यानंतर एकही आकडा चुकला नाही. आईने मात्र ते चौऱ्याण्णव सोडले नाहीत. कुणी काही वाढवून सांगितलं की ती म्हणायची, "हमारी बेटी के डब्बे जैसा मत बोलो."

ते सगळे महिने मी फार धावपळीत होते. ऑफिस, घर, पोलोग्राउंड. आई बोलायची आणि मी एक डोळा फोनवरच्या आकड्यावर ठेवून उत्तरं द्यायचे. एकदा चक्क्याची गाठ मारता मारता तिने विचारलं, "दादाच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे ना गं?" मी म्हटलं, "असेल. आपल्याला काय करायचंय?" एकदा गुडघा चोळत म्हणाली, "या शेडच्या पायऱ्या कुणी केल्यात कोण जाणे." मी दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणला. गणपतीनंतर बघते तर तिचं मोठं पितळी पातेलं जागेवर नाही.

"बाईला दिलं," आई म्हणाली. "तिच्या मुलीचं लग्न ठरतंय."

"अगं, दसऱ्याला लागेल ना! नवं स्टीलचं घेऊन येते मी."

आणि आणलंही. सर्वपित्रीच्या आसपास आई बाईकडे बोट दाखवून म्हणाली, "केशराचा अंदाज सोडला तर हिला सगळं जमतं आता." मला बरं वाटलं, आईवरचा भार हलका झाला म्हणून. आई वेलदोडे सोलायला लागली.

खंडेनवमीला ऑफिस चालू होतं. सकाळपासून आकडे शहाण्यासारखे येत होते. चार, चारच्या जरा खाली, परत चार. आत सगळा चक्का भरलेला होता, दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या ऑर्डरी त्याच्यावर. जेवणाच्या सुट्टीआधी मी फोन बघितला तर शेवटचा आकडा जुना होता. परत बघितलं. तोच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सॉकेटवर ऐकणाऱ्याला दोन प्रकारची शांतता भेटते. पलीकडच्याने रीतसर वाट बंद केली, तर तसं कळतं. वाचायला गेलं की हातात शून्य येतं. शून्य म्हणजे, मी जातो, आता इथे काही येणार नाही. दुसरी शांतता वेगळी. वाट उघडीच दिसते, फक्त काही येत नाही. पलीकडचा बोलायचा थांबलाय, की झोपलाय, की त्याची वायर कुणी उपटलीय, की घराला आग लागलीय, काही म्हणता काही कळत नाही. प्रोग्राम थोडं थांबतो, म्हणतो, अजून काही नाही, आणि परत थांबायला बसतो. त्या दुपारी माझ्याकडे ही दुसरी शांतता होती. अजून काही नाही. अजून काही नाही. अजून काही नाही.

मी आईला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मदतीच्या बाईला लावला, तर तो तिच्या मुलीने घरी उचलला, "मम्मी तो सुबह ही आ गई, आज पूजा है ना." मला मागच्या वर्षीचा आईचा आवाज आठवला. मग डोळ्यासमोर आई त्या शेडच्या पायऱ्यांवर पडलेली दिसायला लागली. मग कॉम्प्रेसर बंद आणि आईही पडलेली. मी साहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही. पर्सही टेबलवरच राहिली.

रस्त्यात जिकडेतिकडे झेंडूचे ढीग. हातगाडीवाले, ट्रकवाले, सगळे आपापल्या गाड्या धुऊन पुसून बसलेले. एका चौकात माझ्या पुढे एक टेम्पो हळूहळू चालला होता, पुढच्या काचेवर इतके हार की ड्रायव्हरला रस्ता दिसत नसावा. मी हॉर्न वाजवत राहिले. तो खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "दीदी, त्योहार का दिन हे, आराम से चलो." मला त्याला मारावंसं वाटलं. सिग्नलला थांबून मी फोन बघितला. अजून काही नाही.

पोलोग्राउंडला वळले. तिथे कायम आवाज असतो. पत्र्याचा, लेथचा, हातोड्याचा. त्या दिवशी कसलाच आवाज नव्हता. लाइट गेलीय, मी मनात म्हटलं, सगळ्या भागाचीच गेलीय. लेथवाले भिया दारात खुर्ची टाकून बसले होते. मी गाडी उभी करायच्या आधीच ओरडले, "भिया, लाइट कधीपासून नाहीये?"

"लाइट तो हे दीदी. आज मशीन को हात नी लगाते ना. पूजा हे."

आत लेथच्या अंगावर हार होता आणि समोर नारळ फोडलेला. मी तशीच पुढे आईच्या शेडमध्ये शिरले. आई पाटावर बसली होती, धडधाकट. तिच्यासमोर दुसऱ्या पाटावर सगळं मांडलेलं. पुरणयंत्र, तराजू, मोठे चमचे, चक्क्याची धुतलेली फडकी घड्या करून. त्यांच्या शेजारी तिचा फोन, ज्यावर ती वर्षभर ऑर्डरी घेते, बंद करून, कुंकवाचं बोट लावून ठेवलेला. आणि फोनशेजारी माझा डबा. भिंतीवरून काढलेला, वायर गुंडाळलेली, डोक्यावर झेंडूचं फूल.

मी आधी कोल्ड रूमकडे धावले. कॉम्प्रेसर घरघरत होता. दाराच्या मुठीला हार होता. दार उघडलं तसा गार वारा तोंडावर आला. आत सगळं जिथल्या तिथे होतं.

"त्याला नाही गं बंद केलं," आई मागून म्हणाली. "तेवढी अक्कल आहे मला. फूल वाहिलं त्याला फक्त."

मग मी ओरडले. काय काय ओरडले ते इथे लिहीत नाही. सणाच्या दिवशी, पूजेसमोर, घामाने निथळत मी आईवर ओरडत होते आणि ती हातात अक्षता घेऊन ऐकत होती. शेवटी म्हटलं, "डबा कशाला काढलास? एक दिवस! नेमका आजचा दिवस!"

"अगं, आज हत्यारांचा मान असतो. वर्षभर राबला बिचारा. एक दिवस त्याला आराम नको?" अक्षता वाहून तिने हात झटकले. "मला पण आता हवाय."

"काय हवाय?"

"आराम. दसरा झाला की मी दादाकडे जाते. दिवाळी उधर ही करेन."

मला आधी वाटलं ती चिडून बोलतेय. मी म्हटलं, "पण काही खराब झालेलं नाहीये! सगळं नीट आहे. दादा म्हणाला होता खराब झालं तर."

"ते दादा म्हणाला होता. मी कुठे काय म्हटलं होतं?"

"तू काहीच म्हणाली नाहीस! तू मला सांगितलंच नाहीस!"

"सांगत होते की. लिफ्टचं विचारलं, पातेलं देऊन टाकलं, बाईला सगळं शिकवलं. एकदम सांगायला जीभ रेटत नव्हती बाळा, म्हणून जरा जरा सांगत होते." ती उठायला लागली, मी हात दिला. "तू दर वेळी उत्तर देऊन मोकळी व्हायचीस."

मला खूप राग आला आणि त्याच वेळी रडू आलं. बाहेर भिया कुणाला तरी प्रसाद देत होते, त्यांना दिसू नये म्हणून मी कोल्ड रूममध्ये जाऊन उभी राहिले. तिथे थंडीने कुडकुडत रडले. आईने दार ढकललं आणि म्हणाली, "बाहेर ये, चक्क्याला वास लागेल." मग मी डबा परत भिंतीवर लावायला घेतला, तर तिने हात धरला. उद्या सकाळी, म्हणाली. आज नाही.

दसऱ्याचं श्रीखंड या वर्षी फार चांगलं झालं. लोक आपट्याची पानं हातात ठेवून आईच्या पाया पडत होते आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर आत्ताच सांगत होते. आई सगळ्यांना म्हणत होती, "बाईकडे सांगा, ती घरून करणार आहे." ती इतकी खूष होती की मला तिचा हेवा वाटला. दादाला ती गोष्ट माझ्या आधीच माहीत होती, हे मला त्याच दिवशी कळलं. त्याच्याशी मी आठवडाभर बोलले नाही.

शेड सोडायच्या दिवशी मी मुद्दाम ऑफिसला गेले. आई म्हणाली, बाई आहे, भिया आहेत, तू नको येऊस, तू आलीस की सगळ्यांना घाई होते. मी टेबलवर फोन उभा करून बसले. सकाळभर चार होतं. मग पाच झालं, सात झालं. कोल्ड रूम रिकामी असली तरी हळूहळू तापते. आठ. नऊ. मी एका क्लायंटच्या ई-मेलला तीन वेळा चुकीचं उत्तर लिहिलं आणि पुसलं. मेसेज पाठवायचा भाग बंद करायला मी विसरले होते. दहाच्या वर गेलं तसा प्रोग्रामने आम्हा दोघींना कळवलं, कोल्ड रूम तापली आहे, ताबडतोब बघा.

लगेच आईचा फोन आला. "आला गं तुझा मेसेज. या वेळी खरं बोलला हो डब्बा. मीच बंद केलंय."

"हो. कळलं."

"आता याला काढायचं कसं? वायर ओढू?"

"नको! ओढू नकोस. बाजूला बटण आहे, ते दाबून धर. दिवा विझला की मग वायर काढ."

"ओढली तर काय होतं?"

"मग मला कळत नाही, तू बंद केलंस की काही झालंय."

"अगं वेडे, मी फोनवर सांगतेय ना तुला."

मी कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडला. पलीकडे आईने बटण दाबून धरलं असावं, कारण ती बोलायची थांबली. पत्र्याचा, लेथचा, हातोड्याचा, सगळा आवाज मला तिच्या फोनमधून ऐकू येत होता. समोरच्या स्क्रीनवर शून्य आलं.

"विझला," आई म्हणाली. "आणि हे बघ, आता धावत येऊ नकोस."

पण मी तोवर गाडीची किल्ली घेऊन जिना उतरत होते.